वजनदार शब्दांचा अर्ज

धुळ्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली सहा टायपिस्ट बसायचे. यादव बैसाणे यांचं टेबल रांगेत शेवटचं. पण इंग्रजी अर्ज असला की लोक पहिली पाच टेबलं ओलांडून तिथेच यायचे. मराठी अर्ज कुणीही लिहून देई. रेल्वे, टपाल, मिलिटरीची पेन्शन, बँकेचं मुंबईचं ऑफिस, असल्या ठिकाणी इंग्रजी लागायची. आणि इंग्रजी म्हणजे यादवभाऊ, हे आजूबाजूच्या चार तालुक्यांत ठरून गेलं होतं.

माणूस दिसायला किरकोळ. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा कायम काहीतरी घरी विसरून आल्यासारखा. कागद यंत्रात घालण्याआधी ते तो उजेडात धरून बघत. कार्बन सरळ बसलाय ना, हे दोनदा बघत. अर्ज पाकिटात गेला तरी पाकीट उघडून तारीख पुन्हा तपासत. शेजारच्या टेबलावरचा निंबा त्यांना चिडवायचा, "यादवभाऊ, तुम्ही जेवताना भाकरसुद्धा उलटी करून बघता म्हणे. मागच्या बाजूला काही टाईप करायचं राहिलं का?"

त्यांच्या टेबलाच्या कडेला दोऱ्यानं एक पुठ्ठा लटकवलेला असे. त्यावर सुबक इंग्रजी अक्षरांत शब्दांची यादी होती. हंबली, रिस्पेक्टफुली, अर्नेस्टली, एक्स्ट्रीमली, टोटली, कम्प्लिटली, अ‍ॅब्सोल्यूटली, अर्जंटली. व्याकरणाच्या पुस्तकात यांना क्रियाविशेषणं म्हणतात. यादवभाऊ त्यांना 'वजनदार शब्द' म्हणायचे. अर्जातल्या प्रत्येक वाक्यात निदान एक तरी असलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक. गिऱ्हाइकांनाही ते माहीत झालं होतं. कुणी म्हणे, "भाऊ, साहेब कडक शे म्हनतस. दोन शब्द जास्त टाका." मग यादवभाऊ पुठ्ठ्याकडे बघून दोन शब्द जास्त टाकत.

या शब्दांवर त्यांची एवढी भिस्त का, याला कारण होतं. ते मूळचे पारोळ्याकडचे. ते सातवीत असताना त्यांच्या वडिलांनी वस्तीतल्या विहिरीसाठी एक अर्ज दिला होता. अर्ज पोरानंच लिहिला होता, साधा, चार ओळींचा: विहिरीला पाणी नाही, बाया दोन कोस जातात, विहीर खोल करून मिळावी. कारकुनानं तो वाचला आणि बोटांच्या टोकांनी परत सरकवला. "हा अर्ज आहे? ही नुसती हकीकत झाली." घरी येईपर्यंत कागदाची घडी वडिलांनी हातातच धरून ठेवली होती. साधं लिहिलं की लोक आपल्यालाही साधंच समजतात, हे यादवच्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलंच. पुढे मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाल्यावर ते पक्कंच झालं. जळगावला टायपिंग शिकताना चुडामण सरांनी त्यांना हे शब्द लिहून दिले आणि सांगितलं, "हे घालत जा. यांच्यामुळे इंग्रजी भारदस्त दिसते." यादवनं ती यादी देवाच्या प्रसादासारखी जपली.

आणि खोटं कशाला बोला, अर्ज पास होतही होते. ते शब्दांमुळे होत होते की एरवीही झाले असते, हे कोण सांगणार?

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत रुक्माबाई त्यांच्याकडे आली. दोंडाईच्याची. नवरा झुलाल रेल्वेत गँगमन, रुळांच्या दुरुस्तीवर होता, काविळीनं गेला. पदरात दोन मुली. रेल्वेत नवऱ्याच्या जागी बायकोला नोकरी मिळू शकते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती आली होती. तिचं माहेर यादवभाऊंच्या सासरच्या गावचं, म्हणून ती नीट विश्वासानं समोरच्या बाकावर बसली आणि खाली मान घालून सगळं सांगत गेली. यादवभाऊंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि यंत्रावर हात ठेवला.

त्यांची कामाची एक पद्धत होती. अर्ज टाईप झाला की ते तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवत, इंग्रजीतून नव्हे, अहिराणीत. कुणाला न वाचता सही करायला लावणं त्यांना पाप वाटे. मात्र वाचून दाखवताना ते वजनदार शब्द गाळत आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगत. अहिराणीत असे शब्द लावून कोण बोलतं? शिवाय ते साहेबासाठी होते. बैलाच्या शिंगांना रंग लावावा तसे. बैल तोच, औत तेच. रंगाचा हिशोब बैलाला कशाला सांगायचा?

रुक्माबाईला त्यांनी वाचून दाखवलं: नवरा वारला, दोन मुली आहेत, दिराचा मोठा आधार नाही, पोटापुरती जमीन नाही, क्वार्टर सोडावं लागणार आहे, नोकरी मिळावी. ती म्हणाली, "हा भाऊ, बठ्ठं बराबर शे." आणि दुसरीपर्यंतच्या शाळेत शिकलेली आपली सही तिनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत केली.

मार्चच्या दहा तारखेला ती पुन्हा आली. हातात रेल्वेचं पाकीट. चेहऱ्यावर आशा होती, तरी पाकीट तिनं दोन्ही हातांत असं धरलं होतं की जणू ते सांडेल.

यादवभाऊंनी पत्र वाचलं. बारा तारखेला वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी येणार होता. अर्जातल्या प्रत्येक विधानाची जागेवर चौकशी होईल. एखादं विधान खोटं निघालं तर अर्ज फेटाळला जाईल आणि पुन्हा विचारात घेतला जाणार नाही.

"काय लिखं शे भाऊ?"

"चौकशीला साहेब येणार आहेत. परवा." एवढंच सांगून त्यांनी खालच्या ट्रंकेतून फाईल काढली. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी ते ठेवत असत. रुक्माबाईची सापडली. फिकट निळी अक्षरं. त्यांनी ती शंभरदा वाचलेली असावी तशी सहज वाचायला घेतली, आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी त्यांचं बोट थांबलं.

नवऱ्याच्या भावानं मला कम्प्लिटली टाकून दिलं आहे. मी टोटली भूमिहीन आहे. माझ्या डोक्यावर अ‍ॅब्सोल्यूटली छप्पर नाही.

त्यांनी कागद उजेडात धरून पुन्हा वाचला.

"वहिनी, तुमचे दीर... धान्यबिन्य काही देतात का?"

"नाना? देतस ना." नाना म्हणजे रुपचंद, झुलालचा थोरला भाऊ. दोंडाईच्यापासून तीन कोसांवर खेड्यात राहायचा. "महिनामा दोन बाजारले येतस. झुलाल गया तवयपासून एकबी चुकावं नही."

"आणि जमीन?"

"दीड एकर शे. दोन्ही भाऊसना नावावर. कोरडी. नानाच कसतस."

"आणि राहता कुठं?"

तिनं नवलानं त्यांच्याकडे पाहिलं. "क्वार्टरमा. सांगेल व्हतं ना तुम्हले? दोन महिना अजून राहू देतीन."

तिनं खरंच सगळं सांगितलं होतं. आधार मोठा नाही असं ती म्हणाली होती, आधार नाही असं नाही. जमीन पोटापुरती नाही म्हणाली होती. तिच्या बोलण्यात प्रत्येक गोष्टीला तिचं माप होतं. मापं यादवभाऊंनी काढून टाकली होती आणि पुठ्ठ्यावरची लावली होती.

हे त्यांनी तिथेच सांगायला हवं होतं. पण समोर ती पाकीट धरून बसलेली, पलीकडे निंबाचे कान इकडे लागलेले. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "वहिनी, परवा नानांना येऊ देऊ नका घरी."

"काबर?"

"रेल्वेचा नियम असतो. चौकशीच्या वेळी नातेवाईक नको."

"परवा तर बाजार शे भाऊ. नाना येतीनच. त्यासले कसं सांगू? मी त्यासनासामने बोलस बी नही." जेठापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, भावजयीनं डोक्यावर पदर ओढून गप्प बसायचं, ही त्यांच्याकडची रीत.

"बघा जमलं तर," यादवभाऊ म्हणाले. ती उठून गेली तेव्हा तिच्या पाठमोऱ्या चालीत मघाची आशा नव्हती. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. त्यापायी यादवभाऊ दिवसभर यंत्रावर चुका करत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बायकोला, लिलाबाईला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं ऐकलं.

"तुम्ही तिला वाचून दाखवलं होतं ना?"

"दाखवलं. म्हणजे, अर्थ सांगितला."

"आणि हे शब्द?"

"ते गाळले. ते नेहमीच गाळतो."

लिलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "मग तो अर्ज तिचा कसा? सही तिची, अर्ज तुमचा."

"आता काय करू? मी गेलो तर साहेबापुढं उघडं पडेल. लोकांना कळलं की मी न सांगता शब्द घालतो, तर टेबलावर कोण येईल?"

"आणि नाही गेलात तर?"

यादवभाऊंनी खिशातली पेनं काढून कोनाड्यात ठेवली.

"तिच्या नावावर खोटेपणाचा शिक्का बसेल," लिलाबाई म्हणाली. "तुमचं टेबल एक वेळ दुसरीकडे मांडता येईल. ती कुठं जाईल?" आणि मग जरा मऊ होऊन, "सकाळची पहिली गाडी धरा. डबा देते."

पहिली एसटी सोनगीरपर्यंत बरी गेली. चिमठाण्याच्या फाट्यावर तिचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाभोवती फिरला आणि विडी पेटवून म्हणाला, "सावकाश होऊ द्या. घाई कुनाले शे?" यादवभाऊ एकटेच रस्त्याच्या कडेला फेऱ्या घालत राहिले. खिशातली कार्बन कॉपी त्यांनी चार वेळा उघडली. त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली: साहेब, यात बाईची चूक नाही. साहेब, हे शब्द सवयीनं पडले. प्रत्येक वाक्यात त्यांच्याही नकळत एखादा वजनदार शब्द घुसत होता आणि ते तो काढून टाकत होते. काढल्यावर वाक्य उघडंबोडकं वाटे. तसं वाक्य घेऊन साहेबापुढं उभं राहायची त्यांना धास्ती वाटत होती, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

ते दोंडाईच्यात उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाजारात मिरची आलेली, हवेतच तिचा ठसका उठलेला. सगळं गाव खोकत होतं. खोकत, डोळे पुसत ते रेल्वेच्या क्वार्टरांकडे जवळजवळ धावतच गेले.

इन्स्पेक्टर आधीच आला होता.

दार उघडं होतं. लोखंडी खुर्चीवर एक पन्नाशीचा गृहस्थ बसलेला, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर फाईल, हातात लाल पेन्सिल. मगनलाल परमार. मूळचे सुरतेकडचे, पण या लाईनवर वीस वर्षं काढल्यामुळे मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्याची भेळ करून बोलत; अहिराणी मात्र त्यांना अर्धीच कळे. कोपऱ्यात रुक्माबाई पदर ओढून उभी, तिच्यामागे दोन मुली. आणि भिंतीशी, नुकतीच खाली ठेवलेली बाजरीची पिशवी गुडघ्याशी धरून, रुपचंद बसला होता.

यादवभाऊ उंबऱ्यातच थबकले.

"कोन?" परमारांनी विचारलं.

"मी... टायपिस्ट. धुळ्याचा."

"या. बसा. वाचायचं चालू आहे." त्यांनी पेन्सिल पुढच्या ओळीवर ठेवली. प्रत्येक ओळ ते इंग्रजीत वाचत आणि मग हिंदीत उलटवून सांगत. "माय हजबंड्स ब्रदर हॅज कम्प्लिटली अबॅन्डन्ड मी. मतलब, पती के भाईने पूरी तरह छोड दिया है. बराबर?"

बाहेर बाजाराचा गलका चालला होता.

रुपचंदनं बाजरीच्या पिशवीवरचा हात काढला. तो सावळा, काटक, बोलायला कमी माणूस. परमारांकडे न बघता तो कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "मी सोडी दिधं?"

रुक्माबाईचा पदर हलला. "मी असं सांगं नही, नाना." इतक्या वर्षांत जेठाशी ती पहिल्यांदाच सरळ बोलली होती, आणि ती हे बोलली.

"मंग कागद काय खोटं बोलस? तुनी सही शे ना?"

"सही मनी शे..." ती म्हणाली.

यादवभाऊ वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. ते फक्त म्हणाले, "तो शब्द माझा आहे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिनं सांगितलं ते वेगळं होतं. 'मोठा आधार नाही' म्हणाली होती. 'पूरी तरह' मी घातलं. जमिनीचं, घराचंही तसंच. वाचून दाखवताना मी ते शब्द सोडून वाचलं. तिला हे माहीतच नाही."

परमारांनी चष्मा काढला. "का घातलं?"

"अर्ज... वजनदार व्हावा म्हणून."

परमारांनी बाजूच्या पिशवीत हात घालून अर्जांचा गठ्ठा बाहेर काढला आणि खाटेवर टाकला. "हे बघा, मास्तर. यात बत्तीस अर्ज आहेत. बत्तीसच्या बत्तीस कम्प्लिटली टाकलेले. सगळे टोटली भुके. आता मला हा शब्द दिसतसुद्धा नाही. पान उलटतो. खरंच एखादीला टाकलेलं असेल, तर तिचा अर्ज मी कसा ओळखू?"

यादवभाऊंनी गठ्ठ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या शब्दांनी साहेबाची नजर थांबेल असं त्यांना वाटत होतं, त्यांच्यावरूनच साहेबाची नजर घसरत होती. आणि जिथे थांबली, तिथे बाईच्या गळ्याशी आली होती.

"नियमानं मी इथेच लिहून टाकू शकतो, विधान खोटं," परमार म्हणाले. रुक्माबाईनं थोरल्या मुलीचा खांदा घट्ट धरला. "पण मला बाईचा जबाबपण घेता येतो. ती बोलेल तिच्या बोलीत. तुम्ही इंग्रजी करा, मी लिहितो. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. आणि खाली तुम्ही लिहून द्यायचं, की मूळ अर्जातले शब्द तिला न सांगता तुम्ही घातले. सही, पत्ता, सगळं. चालेल?"

"चालेल," यादवभाऊ म्हणाले. असा कागद आपल्या सहीनं रेल्वेच्या फाईलीत कायमचा राहणार, हे त्यांना पुरतं कळत होतं.

"बोल, बहन. दीर काय देतो?"

रुक्माबाईनं पदर आणखी पुढं ओढला. आवाज हळू, पण शब्द नीट. "नाना बाजरी आणतस. महिनामा दोन येळा."

"कधीमधी का हमेशा?"

इथं यादवभाऊ सावध झाले. रेल्वेची नोकरी निराधाराला. दीर नेमानं पोसतो असं कागदावर गेलं, तर साहेब म्हणेल, मग नोकरी कशाला? 'समटाइम्स' म्हटलं तर अर्ज वाचेल. कुणालाच कळणार नाही. रुक्माबाईला नाही, रुपचंदला नाही. हा शब्द आता एकट्या त्यांच्या जिभेवर होता.

"नेमानं," रुक्माबाई म्हणाली. "एक बाजार चुकेल नही."

रुपचंदची मान किंचित वर आली.

"काय लिहू, मास्तर?"

यादवभाऊ म्हणाले, "रेग्युलर्ली."

परमारांनी लिहिलं. पेन थांबलं. त्यांनी भुवया उंचावून कागदाकडे पाहिलं. गेली नोकरी, असं यादवभाऊंना वाटलं. आधी एका शब्दानं घालवत होतो, आता दुसऱ्यानं घालवली.

"किती आणतो?"

"दोन पायली."

"किती दिवस जाते?"

रुक्माबाई बोलेना. जेठ समोर बसलेला. त्यानं डोक्यावरून आणलेलं धान्य, त्याच्याच तोंडावर मोजायचं? परमारांनी पुन्हा विचारलं. पेन कागदावर टेकून वाट बघत होतं. यादवभाऊंना वाटलं, आता आपण बोलावं, काहीतरी भरून काढावं. तोंड उघडलंही. पण पुन्हा मिटलं. हा शब्द त्यांचा नव्हता.

बोलला तो रुपचंद. पिशवीकडे बघत, जड आवाजात.

"आठ दिन, साहेब. तेबी जेमतेम." मग जरा थांबून, "मना घरमाबी जेमतेमच शे. दीड एकरमा दोन घर. मी नेमानं आणस, पन पुरस नही. ते लिखा."

"जेमतेम?" परमारांनी यादवभाऊंकडे पाहिलं.

पुठ्ठ्यावर असा शब्द नव्हता. त्यात गरिबी होती, भारदस्तपणा नव्हता. चुडामण सरांनी तो कधी दिला नव्हता आणि यादवभाऊंनी कुणाच्याही अर्जात कधी घातला नव्हता. पण तो त्यांना ठाऊक होता. "बेअरली," ते म्हणाले. "हिज ग्रेन बेअरली लास्ट्स एट डेज."

परमारांनी तो लिहिला आणि मग दोन्ही वाक्यं जोडून एकदा मोठ्यानं वाचली. दीर नेमानं धान्य आणतो. ते जेमतेम आठ दिवस पुरतं. खोट्या ओळीखाली रेघ मारायची त्यांची लाल पेन्सिल फाईलवर आडवी पडून होती. त्या पानावर त्यांनी ती उचलली नाही.

जमिनीचं झालं, क्वार्टरचं झालं. जबाब पूर्ण झाल्यावर यादवभाऊंनी तो रुक्माबाईला अहिराणीत वाचून दाखवला. 'नेमानं' आलं तिथं नेमानं म्हटलं, 'जेमतेम' आलं तिथं जेमतेम. वाचायला दुप्पट वेळ लागला. तिनं सही केली. मग त्यांनी स्वतःचा कागद लिहिला, चार ओळींचा. त्यात एकही वजनदार शब्द नव्हता. सही करून त्यांनी तारीख दोनदा तपासली.

निघताना परमारांनी काही कबूल केलं नाही. "मी फक्त लिहून पाठवतो. ठरवणारे वर आहेत. दोन महिन्यांत क्वार्टर खाली करावं लागेल, ते ध्यानात ठेवा." एवढंच म्हणाले.

क्वार्टर मे महिन्यात खाली करावं लागलं. रुक्माबाई मुलींना घेऊन रुपचंदच्या घरी गेली. दीड एकरातली दोन घरं एक झाली. यादवभाऊंचं टेबल कुणी उठवलं नाही, पण परमारांकडचा कागद कधीतरी फिरत फिरत धुळ्याला येईल, कुणीतरी तो निंबापुढं वाचेल, या भीतीनं पोस्टमन दिसला की ते यंत्रावरचे हात काढून घेत. अर्ज लिहायला आता त्यांना वेळ लागे. किती दिवसांपासून, किती वेळा, थोडं की बरंच, असं ते खोदून विचारत. गिऱ्हाईक वैतागे. एकदा पारोळ्याचा एक पेन्शनवाला म्हणाला, "भाऊ, तुमी टायपिस्ट का फौजदार?" पुठ्ठा त्यांनी काढला नाही, उलटा करून ठेवला. वारा सुटला की तो कागदांवर ठेवायला बरा पडे.

ऑक्टोबरात एका दुपारी रुक्माबाई आली. बरोबर रुपचंद होता. तो टेबलापाशी आला नाही, चार पावलं मागे, झाडाच्या बुंध्याशी उभा राहिला. सात महिन्यांत तो यादवभाऊंशी एक शब्द बोलला नव्हता.

तिनं पाकीट पुढं केलं. ते दोन्ही हातांत धरलेलं होतं, या वेळी उघडलेलंही नव्हतं. "तुम्हीच वाचा भाऊ. बठ्ठं वाचा. सोडू नका काही."

यादवभाऊंनी पाकीट फोडलं. पहिली ओळ वाचली आणि त्यांना डोळ्यांपुढचं दिसेना. त्यांनी चष्मा पुसला. मग ओळीओळीनं, काही न सोडता सांगत गेले. रुक्माबाई झुलाल हिला पाणीवाली म्हणून नेमण्यात येत आहे. एका लहान स्टेशनावर. एक तारखेपासून. आणि पुढच्या ओळीशी ते अडखळले. पूर्वी असता तर हा शब्द त्यांनी सहज गिळला असता.

"तात्पुरतं लिहिलंय, वहिनी. नेमणूक तात्पुरती आहे. डॉक्टरी तपासणी आणि वर्षभराचं काम बघून मग कायम करतील."

तिचा चेहरा उतरला. "म्हनजे काढी टाकतीन?"

"तसं लिहिलेलं नाही. काढतील असं नाही आणि काढणार नाहीत असंही नाही. काम नीट केलं तर बहुतेक कायम होतं. पण 'बहुतेक' मी म्हणतोय, कागदात नाही."

आनंदाला जागा करून द्यावी की काळजीला, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं पत्र घेतलं, नीट घडी घातली आणि पोलक्यात ठेवलं.

तेवढ्यात झाडापासून रुपचंद पुढं आला. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून त्यानं यादवभाऊंच्या तोंडाकडे रोखून पाहिलं.

"यामा तुम्हना शबद कोनता शे?"

"एकही नाही, नाना."

रुपचंदनं ते थोडा वेळ तोलून पाहिलं. "मंग खरं व्हई," तो म्हणाला, आणि बाकावर बसला. यादवभाऊंनी समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. रुक्माबाईला पाणीवालीच्या कामाला काय काय लागतं ते विचारायचं होतं. डॉक्टरी तपासणीला कुठं जायचं, तेही. रुपचंद म्हणाला, "हळू इचार, बठ्ठं इचार." तिनं पदर जरासा मागं घेतला आणि विचारायला सुरुवात केली.